पुणे मनपाचं अंदाजपत्रक: खर्चाच्या यादीआधी उत्पन्नाची पानं वाचा

हिशेबनीस | ६ मार्च २०२५

परवा आयुक्तांनी पुणे महापालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक मांडलं. १२,६१८ कोटी रुपये. पेपरांत दोनच गोष्टी ठळक आल्या: कोणत्या भागाला कोणता पूल, आणि मिळकतकरात वाढ नाही. दुसरी बातमी वाचून बहुतेकांनी पान उलटलं असणार. म्हणून हा धागा काढतोय. माझी सगळी नोकरी एका नगरपरिषदेच्या लेखा विभागात गेली आणि तिथे एक सवय लागली, अंदाजपत्रक हातात आलं की आधी जमा बाजू वाचायची. खर्चाच्या बाजूला कुणीही काहीही लिहू शकतं. पैसे कुठून येणार हे लिहिताना मात्र खरं-खोटं लगेच कळतं.

काही आकडे देतो. २०२०-२१ साठी आयुक्तांनी ६,२२९ कोटींचं अंदाजपत्रक दिलं होतं आणि मिळकतकरात १२ टक्के वाढ सुचवली होती. स्थायी समितीने करवाढ फेटाळली. कर वाढणार नाही म्हटल्यावर अंदाजपत्रक लहान व्हायला हवं की नाही? ते झालं ७,३९० कोटींचं. पुढच्या वर्षी तेच. आयुक्तांचे ७,६५० कोटी, सोबत ११ टक्के करवाढीचा प्रस्ताव. करवाढ नामंजूर, आणि स्थायीचं अंदाजपत्रक ८,३७० कोटी.

म्हणजे कर नको, पण कामं मात्र जास्तीची हवीत. हे जुळवायचं तर जमा बाजूला आकडे वाढवून लिहावे लागतात. थकबाकी अमुक इतकी वसूल होईल, बांधकाम परवानगीतून तमुक येईल, शासनाचं अनुदान वेळेवर मिळेल. डिसेंबर-जानेवारीत कळतं की तेवढं आलेलं नाही. मग ज्या कामाची निविदा निघाली नसेल ते मागे पडतं, वर्गीकरणं सुरू होतात, एका कामाचे पैसे दुसऱ्याकडे वळतात. तुमच्या प्रभागातल्या ड्रेनेज लाइनला 'तरतूद आहे' असं तीन वर्षं ऐकायला मिळतं आणि काम होत नाही, त्यामागचं एक मोठं कारण हे.

मार्च २०२२ पासून नगरसेवकही नाहीत आणि स्थायी समितीही नाही, सगळा कारभार प्रशासकांकडे आहे. त्यामुळे आकडे ताळ्यावर यायला हवे होते. पण २०२३-२४ चं अंदाजपत्रक ९,५१५ कोटी होतं, २०२४-२५ चं ११,६०१ कोटी. एका वर्षात जवळपास २२ टक्के वाढ! आणि आता १२,६१८. आयुक्तांच्याच अंदाजपत्रकांची तुलना केली तर पाच वर्षांत रक्कम दुप्पट झाली आहे. शहराचं खरं उत्पन्न त्याच वेगाने वाढलं का, हा यंदाचा प्रश्न आहे असं मला वाटतं. 'करवाढ नाही' याचा आनंद त्यानंतर.

---

जुई | ६ मार्च २०२५

काका, मांडणी पटली. पण करवाढ झाली नाही हे पूर्ण खरं मानायला मी तयार नाही. दर न वाढवताही बिल वाढतं. २०१९ नंतर ज्यांच्या घरांची आकारणी झाली त्यांना विचारा.

पुण्यात मालक स्वतः राहत असेल तर वार्षिक भाडेमूल्यात (घराचं वर्षाचं भाडं किती धरायचं तो आकडा, कर त्यावरून निघतो) ४० टक्के सवलत १९७० पासून होती. लेखापरीक्षणात त्यावर आक्षेप आले आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने तो जुना ठराव विखंडित, म्हणजे रद्द, केला. एप्रिल २०१९ पासूनच्या नव्या घरांना पूर्ण दराने बिलं गेली. २०२३ मध्ये सवलत पुन्हा लागू झाली, पण ती मिळवायची तर पीटी-३ अर्ज भरायचा, स्वतः राहतो याचे पुरावे जोडायचे. माझ्या ओळखीत निदान तीन-चार घरं अशी आहेत जिथे हा अर्ज कुणी भरलाच नाही, कारण घर आईच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर आणि त्यांना हे माहीतच नव्हतं. ते आजही जास्त भरताहेत.

---

हिशेबनीस | ६ मार्च २०२५

जुईताई, अगदी बरोबर. यातलं गणित लोकांच्या लक्षात येत नाही म्हणून उदाहरणच करून दाखवतो. दर मी समजायला सोपा धरलाय, तुमच्या भागाचा वेगळा असेल.

चटई क्षेत्र ६०० चौरस फूट, महिन्याला चौरस फुटाला दीड रुपया. महिन्याचं भाडेमूल्य ९०० रुपये, वर्षाचं १०,८०० रुपये. स्वतः राहत असाल तर ४० टक्के वजा, उरले ६,४८०. त्यातून देखभाल-दुरुस्तीची १० टक्के वजावट गेली की करपात्र मूल्य ५,८३२ रुपये. सवलत नसेल तर तेच ९,७२० होतं.

आता ५,८३२ वरून ९,७२० म्हणजे किती वाढ? ४० टक्के नव्हे, ६६ टक्क्यांहून जास्त. सवलत गेली की बिल दीडपटीच्या पुढे जातं. ज्यांनी पीटी-३ भरलेला नाही ते हा फरक दरवर्षी सोसताहेत.

आणखी एक बारीक गोष्ट. दुरुस्तीची वजावट पुण्यात पूर्वी १५ टक्के देत होते, कायद्यात १० आहे. २०२३ च्या निर्णयात ती १० वर आणली आणि मागचा ५ टक्क्यांचा फरक माफ केला. वरच्या उदाहरणात १५ टक्के वजावट असती तर करपात्र मूल्य ५,५०८ झालं असतं. म्हणजे दर तोच राहिला, सवलत परत आली, तरी करपात्र मूल्य ३२४ रुपयांनी चढलंच.

---

धायरीकर | ७ मार्च २०२५

तुमची चर्चा जुन्या हद्दीतल्यांची आहे. आमच्याकडचं ऐका.

२०१७ मध्ये ११ गावं घेतली, त्यात धायरी. २०२१ मध्ये आणखी २३. उरुळी देवाची आणि फुरसुंगी २०२४ मध्ये बाहेर काढायचं ठरलं, राहिली ३२. गाव हद्दीत आलं की ग्रामपंचायतीची घरपट्टी जाऊन महापालिकेचा मिळकतकर टप्प्याटप्प्याने लागू होतो. कर लागू करायची पद्धत कायद्यात पक्की आहे. सोयी कधी द्यायच्या याची अशी पक्की मुदत मला कुठे दिसली नाही.

यंदा जानेवारीत जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, नसांचा आजार) साथ आली. पहिले रुग्ण कुठे सापडले? किरकटवाडी, नांदेड, धायरी, खडकवासला, सगळा सिंहगड रस्त्याचा पट्टा. माणसं व्हेंटिलेटरवर गेली, काही दगावली. पाण्याचे नमुने घेतले तेव्हा सगळ्या शहराला कळलं की धरणाच्या पायथ्याच्या गावांना शुद्धीकरण केंद्राचं पाणी मिळतच नाही, विहिरीत क्लोरीन टाकून पुढे सोडतात. खडकवासला धरण आमच्या उशाला आहे. तिथलं पाणी शुद्ध होऊन शहरात जातं आणि वाटेतल्या गावांना ते नाही.

मग आमच्याकडचे लोक कर भरायला नाराज असले की शहरातले म्हणतात, फुकट पाहिजे यांना सगळं. नाही. फुकट नको. आमच्या गावांतून किती कर जमा होतो आणि आमच्या गावांत किती खर्च होतो, हे दोन आकडे शेजारी-शेजारी छापा. एवढंच मागतोय.

---

पेठेतला | ७ मार्च २०२५

धायरीकर, तुमचं म्हणणं शंभर टक्के रास्त. साथीच्या बातम्या वाचून फार वाईट वाटलं होतं.

पण दुसरी बाजू मांडतो, कारण या चर्चेचा शेवट 'पेठांतले लोक कमी भरतात, त्यांचा कर वाढवा' असा होतो हे नेहमी पाहिलंय. हो, जुन्या वाड्यांची आणि जुन्या इमारतींची आकारणी ज्या काळात झाली त्या काळच्या दराने झाली, त्यामुळे शेजारच्या नव्या इमारतीपेक्षा कर बराच कमी असतो. पण त्या घरांत राहतं कोण? निवृत्त माणसं, विधवा बायका, पेन्शनवर चालणारे संसार. घराची किंमत कोटीत गेली म्हणून त्यांच्या हातात रोकड येत नाही. उद्या भांडवली मूल्यावर, म्हणजे घराच्या किमतीवर, कर लावला तर त्यांनी राहतं घर विकायचं का?

---

जुई | ७ मार्च २०२५

पण दादा, मग पंचविशीतल्या जोडप्याने तीस वर्षांचं कर्ज काढून वडगावात घेतलेल्या घराला पेठेतल्या तेवढ्याच घराच्या कितीतरी पट कर का? त्यांच्याकडे तरी रोकड कुठे आहे? वयस्कर माणसांना सवलत द्यायची असेल तर ती वयाकडे आणि उत्पन्नाकडे बघून द्या. इमारत कोणत्या साली बांधली यावरून का देता? पेठेतल्या त्याच जुन्या इमारतीत खालच्या मजल्यावर दुकानं असतात, ती कुठल्या दराने भरतात हेही एकदा तपासा.

---

पेठेतला | ७ मार्च २०२५

दुकानांचं मान्य. बिगरनिवासी वापर असेल तर पूर्ण दर लागलाच पाहिजे, आणि वापर बदलला तर आकारणी बदललीच पाहिजे. घरांचं मात्र सांभाळून करा एवढंच म्हणणं आहे.

---

भाडेकरू | ७ मार्च २०२५

सगळे मालकांबद्दल बोलताय म्हणून मधेच लिहितो. मी भाड्याने राहतो. घर भाड्याने दिलं की ४० टक्क्यांची सवलत जाते, वर काकांनी काढलेला ६६ टक्क्यांचा फरक मालक भाड्यात धरतो. म्हणजे तो कर मीच भरतो, पण बिलावर नाव माझं नाही आणि 'करदाते नागरिक' म्हणून सभेला बोलावतात तेव्हा आम्हाला कुणी धरत नाही. या शहरात शिकायला आणि नोकरीला आलेली किती माणसं भाड्याने राहतात विचार करा.

---

गोदाकाठ | ८ मार्च २०२५

नाशिकचा अनुभव सांगते, पुणेकरांना उपयोगी पडेल.

२०१८ साली आमच्याकडे आयुक्त तुकाराम मुंढे यांनी वार्षिक भाडेमूल्याचे दर मोठ्या प्रमाणात वाढवले. नव्या मिळकतींना फटका होताच, पण भडका उडाला तो मोकळ्या जमिनींवरच्या करामुळे. शहराच्या हद्दीत आमच्याकडे अजून द्राक्षाच्या बागा आहेत, भाजीपाला पिकतो. शेतकरी रस्त्यावर आले, महासभेने निर्णय फेटाळला, आयुक्तांवर अविश्वास ठराव आणायची तयारी झाली. ऑगस्टअखेर त्यांनी वाढ बरीच कमी केली, मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून ठरावही मागे घेतला गेला आणि नोव्हेंबरात त्यांची बदली झाली.

मला तेव्हाही वाटायचं आणि आजही वाटतं, वाढीची गरज होती. वर्षानुवर्षं दर हललेले नव्हते. पण वीस वर्षं हात लावायचा नाही आणि एका ३१ मार्चला सगळं एकदम वाढवायचं, हे लोक सोसणार नाहीत. त्या भांडणात एक गोष्ट कायमची बिघडली. त्यानंतर करवाढ हा शब्द उच्चारायला कुणी धजत नाही, आणि गोदावरीत सांडपाणी जातच राहतं.

---

हिशेबनीस | ८ मार्च २०२५

गोदाकाठताई, फार मोलाचं लिहिलंत. लहान गावांत, म्हणजे नगरपरिषदांत, यासाठीच चतुर्थवार्षिक आकारणी आहे. दर चार वर्षांनी पाहणी, नोटिसा, हरकती, सुनावणी, मग अंतिम यादी. त्रास होतो, सुनावणीला रांगा लागतात, लोक तावातावाने बोलतात. पण वाढ थोडी-थोडी होते आणि प्रत्येकाला बोलायला जागा मिळते. माझ्या नोकरीत सुनावणीच्या दिवसांत घरी जेवायला जाता यायचं नाही, तरी ती पद्धत मला आवडायची. माणूस समोर बसून सांगायचा, साहेब, ही खोली गोठ्याची आहे, राहती नाही. खरं असलं तर तिथल्या तिथे दुरुस्त व्हायचं.

महापालिकेत नाराज माणसाला हरकतीनंतरचा रस्ता म्हणजे कलम ४०६ खालचं न्यायालयातलं अपील. त्यासाठी वादातली रक्कम आधी भरावी लागते. साधा माणूस तिथवर जात नाही.

---

दहिसरकर | ८ मार्च २०२५

मुंबईतून एक भर. आमच्याकडे २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आहे, आणि जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर पूर्ण माफ. माझं घर त्यात बसतं, मला फायदा झाला. तरी सांगतो, हा निर्णय मला नीट वाटत नाही. थोडा का होईना कर भरणारा माणूस महापालिकेला जाब विचारतो. शून्य बिल आलं की तो मोकळा होतो आणि तीही मोकळी होते.

आणि पैसे तर लागतातच. यंदाचं आमचं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं आहे. आता झोपडपट्ट्यांतल्या दुकानांवर, गोदामांवर, लहान कारखान्यांवर कर लावायचा प्रस्ताव त्यात आहे, ३५० कोटी अपेक्षित धरलेत. व्यवसाय करणाऱ्याने कर भरावा हे तत्त्व ठीक. पण जिथे गटार नाही, पाण्याची जोडणी नाही, तिथे कर नेमका कशाचा, हे धायरीकरांसारखंच तिथला दुकानदारही विचारणार.

---

एडिसनवाली | ८ मार्च २०२५

न्यू जर्सीत राहते, पुण्यात आईवडिलांचं घर आहे म्हणून हा धागा वाचते.

इथल्या बिलावर गावाचा वाटा, काउंटीचा वाटा आणि शाळांचा वाटा वेगळा छापलेला असतो. राज्यभरात पाहिलं तर निम्म्याहून जास्त रक्कम शाळांची. त्यामुळे शाळेच्या अंदाजपत्रकाच्या सभेला लोक खरंच जातात, आकडे घेऊन भांडतात. २०१० च्या कायद्याने कराची एकूण मागणी वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही, काही ठरलेले अपवाद सोडून. त्याहून जास्त हवी असेल तर मतदान घ्यावं लागतं. कर इथे भरमसाट आहेत, ते आपल्याकडे नकोत. पण दरवर्षी थोडी वाढ आणि तिची आधीपासून ठरलेली मर्यादा, ही पद्धत मला गोदाकाठ यांच्या पोस्टनंतर आठवली.

---

धायरीकर | ९ मार्च २०२५

काका, एक विचारतो. मिळकतकर सोडून बाकीचे पैसे येतात कुठून? आमच्या कट्ट्यावर दोन मतं पडली. काहींच्या मते सगळं शासन देतं, काहींच्या मते बिल्डर.

---

हिशेबनीस | ९ मार्च २०२५

दोघंही अर्धे बरोबर आहेत. जरा सविस्तर लिहितो, कारण या धाग्याचा गाभा माझ्या मते इथे आहे.

पूर्वी महापालिकांचं मुख्य उत्पन्न जकात. नाक्यावर ट्रक थांबायचे, रोज रोख पैसा यायचा, दिल्ली-मुंबईकडे बघावं लागायचं नाही. भ्रष्टाचारही भरपूर होता, ते नाकारत नाही. पुण्यात एप्रिल २०१३ ला जकात गेली आणि एलबीटी, म्हणजे स्थानिक संस्था कर, आला. ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतली उलाढाल असलेल्यांचा एलबीटी गेला, आणि जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर उरलेलाही गेला. त्याबदल्यात राज्य सरकार भरपाई देतं. ती दरवर्षी ८ टक्क्यांनी वाढवायची अशी तरतूद २०१७ च्या भरपाई कायद्यात आहे. शिवाय मुद्रांक शुल्कावरच्या १ टक्का अधिभाराचा वाटा. म्हणजे जे उत्पन्न महापालिका स्वतः गोळा करायची ते आता मुंबईहून येतं. शहर कितीही वाढलं, गावं कितीही आत आली, तरी ती रक्कम तिच्या ठरलेल्या वेगानेच वाढणार.

दुसरा खांब मिळकतकर. हा खरा आपला, कारण दर आपण ठरवतो, वसुली आपली.

तिसरा बांधकाम परवानगी आणि विकास शुल्क, आणि पुण्यात हा खूप मोठा आहे. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. एक तर हे पैसे एकदाच येतात. इमारत उभी राहिली की तिला पाणी, कचरा, रस्ता, दिवे कायमचे द्यायचे, पण शुल्क पुन्हा मिळणार नाही. दुसरं असं की ज्या महापालिकेचा गाडा परवानग्यांच्या पैशावर चालतो तिला 'या रस्त्यावर आणखी इमारती नकोत, पाणी नाही' असं म्हणणं जड जातं. उंड्री, बावधन, आंबेगावला जाऊन बघा. आधी परवानगी, मग माणसं, मग टँकर आणि सगळ्यात शेवटी पाइपलाइनची तरतूद.

आता मला सांगा, मिळकतकर वाढवायचा नाही, भरपाई ठरावीक, मग अंदाजपत्रक दुप्पट झालं ते कशाच्या जोरावर? एक तर परवानग्यांच्या, नाहीतर शासनाच्या मोठ्या प्रकल्पांच्या अनुदानाच्या, नाहीतर कर्जाच्या, नाहीतर न येणाऱ्या पैशांच्या. २०१७ मध्ये समान पाणीपुरवठ्यासाठी महापालिकेने २०० कोटींचे कर्जरोखे काढले होते, ७.५९ टक्के व्याजाने. ते फेडायचेही आपल्याच उत्पन्नातून. कर्ज काढणं वाईट नाही. पण पाइप टाकून तयार आणि पाणी आलेलं नाही, तरी व्याज चालू राहतं.

---

पेठेतला | ९ मार्च २०२५

थकबाकीचं काय? दरवर्षी ऐकतो हजारो कोटी थकलेत. ते वसूल करा ना आधी, प्रामाणिक लोकांवर बोजा कशाला?

---

हिशेबनीस | ९ मार्च २०२५

थकबाकीचा आकडा जसाच्या तसा खरा धरू नका. त्यात बऱ्याच प्रकारची रक्कम मिसळलेली असते. महिन्याला २ टक्के शास्ती, म्हणजे उशिराचा दंड, लागते, वर्षाला २४. मूळ कर थोडा आणि शास्तीच जास्त, अशा कितीतरी नोंदी असतात. दुबार आकारणी असते, एकाच मिळकतीची दोनदा नोंद. कोर्टातली प्रकरणं असतात. मोबाइल टॉवर असतात. टॉवरवर मिळकतकर लावता येतो हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्येच स्पष्ट केलं, तरी दर किती आणि कसा यावरून वाद चालूच आहेत.

मग येते अभय योजना. २०२० मध्ये ५० लाखांपर्यंतच्या थकबाकीदारांना शास्तीत ८० टक्के सूट दिली होती. करोनाचं वर्ष होतं, हेतू समजू शकतो. पण वेळेवर भरणाऱ्याला ३१ मेच्या आत भरलं तर सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सूट, आणि न भरणाऱ्याला शास्तीत ८०. दोन-तीनदा असं झालं की माणूस थांबायला शिकतो. यात माझा जीव तुटतो. वेळेवर भरणाऱ्यांत पेन्शनर आणि लहान घरवालेच जास्त असतात, ते एप्रिलमध्येच रांगेत उभे असतात.

---

जुई | ९ मार्च २०२५

बिलातला सगळा कर महापालिकेचा नसतो हेही लिहा ना काका. शिक्षण कर आणि बिगरनिवासी मिळकतींचा रोजगार हमी कर राज्य सरकारचे, महापालिका फक्त गोळा करून देते. लोक एकूण रकमेकडे बघून बोलतात.

बाकी, नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक हा प्रकार पुण्यात २००६-०७ पासून आहे. आपण क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन आपल्या भागातलं लहान काम सुचवू शकतो, पाच लाखांपर्यंतचं. मी सुचवलंय, आमच्या रस्त्यावरचे बाक आणि एक पादचारी मार्ग. योजना चांगली आहे आणि ती टिकवायला हवी. पण मला वाटतं आपल्याला बाक मागायची सवय लावली आणि मोठ्या रकमांपासून लांब ठेवलं. १२ हजार कोटींत आमचं मत फक्त पाच लाखांच्या कामांवर.

---

दहिसरकर | ९ मार्च २०२५

हे शेवटचं वाक्य मुंबईलाही लागू.

---

धायरीकर | १० मार्च २०२५

बोलून झालं, आता करायचं काय? ३१ मार्चला वर्ष संपतं. नगरसेवक नाहीत, म्हणजे सभागृहात आपल्या वतीने विचारणारं कुणी नाही. आमच्या चार सोसायट्या पत्रावर सही द्यायला तयार आहेत. पत्र लिहून द्या.

---

हिशेबनीस | १० मार्च २०२५

मसुदा देतो, बदल सुचवा. मुद्दाम तीनच प्रश्न ठेवलेत. लांब पत्राला लांब उत्तर येतं आणि त्यात आकडा नसतो.

"मा. आयुक्त तथा प्रशासक, पुणे महानगरपालिका यांस.

विषय: २०२५-२६ च्या अंदाजपत्रकातील जमा बाजूबाबत.

१. २०२२-२३, २०२३-२४ आणि २०२४-२५ (फेब्रुवारीअखेर) या वर्षांत मिळकतकर, जीएसटी भरपाई, बांधकाम परवानगी व विकास शुल्क, पाणीपट्टी आणि शासकीय अनुदान या शीर्षांखाली अपेक्षित जमा किती धरली होती व प्रत्यक्ष जमा किती झाली, हे वर्षनिहाय प्रसिद्ध करावे.

२. मिळकतकराच्या थकबाकीची विभागणी मूळ कर, शास्ती, दुबार आकारणी, न्यायप्रविष्ट प्रकरणे, मोबाइल टॉवर आणि शासकीय मिळकती अशी स्वतंत्र दाखवावी.

३. समाविष्ट गावांतून जमा झालेला मिळकतकर आणि त्या गावांतील पाणीपुरवठा, मलनिःसारण व रस्ते यांवर झालेला प्रत्यक्ष खर्च गावनिहाय जाहीर करावा."

जोर द्यायला एक गोष्ट तोंडी सांगता येईल. पंधराव्या वित्त आयोगाचं अनुदान हवं असेल तर मागच्या वर्षाचे तात्पुरते आणि त्याआधीच्या वर्षाचे लेखापरीक्षित हिशेब संकेतस्थळावर असावे लागतात. मालमत्ता कराचे किमान दर ठरवणं आणि वसुलीत वाढ दाखवणं याही अटी आहेत. म्हणजे आपण मागतोय ते जगावेगळं नाही.

---

पेठेतला | १० मार्च २०२५

तिसऱ्या प्रश्नात जुन्या हद्दीतल्या क्षेत्रीय कार्यालयांचेही आकडे मागा. आमच्याकडे किती येतं आणि किती खर्च होतं ते आम्हालाही कळू दे. कमी भरतो असं निघालं तर तेही समोर येऊ दे.

---

भाडेकरू | १० मार्च २०२५

सही करायला मिळकत क्रमांक लागतो का? माझ्याकडे नाही.

---

हिशेबनीस | १० मार्च २०२५

अजिबात लागत नाही. नाव, पत्ता, सही पुरे. तुमची सही हवीच.

पेठेतले, तुमची सूचना घेतली. प्रश्न आता असा: 'सर्व क्षेत्रीय कार्यालयांचे, आणि समाविष्ट गावांचे गावनिहाय.'

---

जुई | ११ मार्च २०२५

पत्राला उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार टाकायचा ना? की दोन्ही एकदमच टाकायचं?

---

हिशेबनीस | ११ मार्च २०२५

दोन्ही एकदम टाका, वाट बघू नका. पण तिन्ही प्रश्न एका अर्जात घालू नका. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, तेवढ्यावरून अर्ज परत येतो. तीन वेगळे अर्ज, प्रत्येकाला १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट. पहिला आणि तिसरा मुख्य लेखा व वित्त विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने, दुसरा कर आकारणी व कर संकलन विभागाच्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर त्यापुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. अर्जाच्या आणि पत्राच्या दोन-दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

धायरीकर, सोसायट्यांच्या सह्या गुरुवारपर्यंत झाल्या तर शुक्रवारी देता येईल. होळी-धुळवडीची सुट्टी बघून घ्या, नाहीतर सोमवार धरा.

---

धायरीकर | ११ मार्च २०२५

शुक्रवारी धुळवड आहे. सोमवारी सकाळी अकराला मुख्य इमारतीच्या फाटकाशी. नांदेड आणि किरकटवाडीतूनही दोघं-दोघं येतील असं म्हणताहेत. पेठेतले, जुईताई, येताय का?

---

पेठेतला | ११ मार्च २०२५

येतो. येताना आमच्या इमारतीतल्या सात बिऱ्हाडांच्या सह्या घेऊन येतो, खालच्या दोन दुकानदारांच्या धरून.